पाठीराखे

बेंगळुरूचं जुनं फुटबॉल स्टेडियम मॅग्राथ रोडवर आहे, गरुडा मॉलपासून हाकेच्या अंतरावर. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी तिथे जिल्हा लीगचा सामना असतो. कृत्रिम हिरवळ उन्हात तापलेली असते आणि पायऱ्यांवर मोजून तीस-चाळीस माणसं असतात. त्यातली दहा-बारा नेहमी एकाच कोपऱ्यात, सावली सरकेल तशी सरकत बसतात. बहुतेक सगळे सत्तरीच्या आसपासचे. कुणी कारखान्यातून निवृत्त झालेले, कुणाचं शिवाजीनगरात दुकान, कुणी एके काळी स्वतःच खेळलेले. ज्या संघासाठी ही मंडळी येतात तो खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो आणि जिंकतो त्यापेक्षा जास्त वेळा हरतो. त्याचं नाव मी देत नाही. नाव दिलं तर ही माणसं ओळखू येतील, आणि त्यांना ते आवडणार नाही.

मी तिथे गेले ती बाबांमुळे. आई गेल्यावर बाबा मुंबई सोडून माझ्याकडे अलसूरला आले. त्यांची स्मृती तेव्हाच विरळ व्हायला लागली होती. सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण कूपरेजवर पाहिलेल्या सामन्यांबद्दल ते तासभर बोलू शकत. घरात बसून त्यांचा दिवस सरेना, म्हणून एका दुपारी मी त्यांना रिक्षात घालून या स्टेडियमवर नेलं. मध्यंतरात त्या कोपऱ्यातल्या एकाने आपल्या थर्मासमधला चहा बाबांपुढे धरला आणि विचारलं, "साब, कौन गाँव?" त्या दिवसापासून आम्ही त्या कोपऱ्यातले झालो.

माझं काम भाषांतराचं असल्यामुळे मला आधी शब्द दिसतात. एखाद्या संघावर जीव टाकणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? कन्नडमध्ये त्याला 'अभिमानी' म्हणतात. डॉ. राजकुमार आपल्या प्रेक्षकांना 'अभिमानी देवरु' म्हणत, म्हणजे देवच. तमिळमध्ये तो 'रसिकर', मल्याळममध्ये 'आराधकन'. या कोपऱ्यात या तिन्ही भाषा ऐकू येतात, आणि सगळ्यांना सांधणारी दख्खनी. मराठीत आपण 'चाहता' म्हणतो, पण खेळाच्या बातमीत आणखी एक शब्द येतो, 'पाठीराखा'. अभिमान स्वतःविषयी असू शकतो, रसिकता स्वतःपुरती असू शकते, आराधनेला तर अंतरच लागतं. पाठ राखायची म्हटली की समोर दुसरं कुणीतरी हवंच, आणि त्याची पाठ उघडी पडलेली असायला हवी. जिंकणाऱ्याला चाहते पुष्कळ मिळतात. पाठीराखा लागतो तो हरणाऱ्याला.

पण हे लोक नेमकी कशाची पाठ राखतात? चाळीस वर्षांपूर्वी जे खेळत होते त्यांतलं आज मैदानावर कुणी नाही. जर्सीचा रंग दोनदा बदलला. पदाधिकारी बदलले, मैदानाची माती जाऊन तिथे प्लास्टिकचं गवत आलं. सगळ्या फळ्या बदललेलं जहाज तेच जहाज का, हा ग्रीकांचा जुना प्रश्न इथे दर बुधवारी पायऱ्यांवर बसलेला असतो. मला वाटतं, उत्तर त्या दहा-बारा जणांमध्येच आहे. क्लब म्हणजे त्यांनी मिळून सांभाळलेली आठवण. एकाला सामन्याचं वर्ष आठवतं, दुसऱ्याला गोल कुणी केला ते, तिसऱ्याला फक्त इतकंच की त्या दिवशी पाऊस होता आणि घरी परतताना चप्पल तुटली. इस्रायली तत्त्वज्ञ अविशाय मार्गालित यांनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 'द एथिक्स ऑफ मेमरी' या पुस्तकात हा फरक नीट मांडला आहे. एकच गोष्ट अनेकांना सुटी सुटी आठवणं वेगळं, आणि सगळ्यांनी आठवणीचं काम वाटून घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कुणा एकालाही सगळं आठवावं लागत नाही. सगळ्यांनी एकत्र बसावं लागतं, एवढंच.

माया येते ती या एकत्र बसण्यातून. कुणी दोन आठवडे दिसलं नाही तर त्याच्या घरी फोन जातो. एका जुन्या बचावपटूच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला या मंडळींनी पैसे जमवले. तो खेळायचा तेव्हा याच लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, आणि पैसे देताना त्या शिव्यांची उजळणीही झाली. गटातले एकजण वारले तेव्हा पुढचे दोन सामने त्यांच्या जागेवर कुणी बसलं नाही. असं ठरलं नव्हतं. कुणी बसलं नाही, इतकंच.

आता ज्या दुपारसाठी मी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

या शहराच्या फुटबॉलमध्ये 1937 या सालाला मोठा मान आहे. त्या वर्षी बंगलोर मुस्लिम्स या क्लबने मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. 1891 साली सुरू झालेली ती स्पर्धा तोवर गोऱ्या पलटणींच्या ताब्यात होती. भारतीय संघाने ती पहिल्यांदा जिंकली ती 1937 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी याच क्लबने पुन्हा जिंकली. मोहन बागानचा 1911 चा विजय देशभर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. बंगलोर मुस्लिम्सचा विजय मात्र अशाच कोपऱ्यांतून तग धरून आहे.

त्या दुपारी विषय तिकडे वळला आणि बाबा अचानक म्हणाले, "मी होतो तिथे." मग त्यांनी सगळं सांगितलं. गर्दी कशी होती, लोक झाडांवर कसे चढले होते, सामना संपल्यावर अनोळखी माणसांनी एकमेकांना कशा मिठ्या मारल्या, टोप्या कशा उडाल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. बाबांचा जन्म 1944 चा आहे. तो सामना माझ्या आजोबांनी पाहिला होता. ते तेव्हा मुंबईत गोदीत कारकून होते. बाबांनी त्यांच्याकडून ती हकीकत लहानपणी इतक्या वेळा ऐकली असणार की पुढे सगळं ढासळताना ऐकलेलं आणि पाहिलेलं यांच्यामधली भिंतही ढासळली.

कोपऱ्यातले लोक ऐकत होते. एकाने विचारलं, "रेफरी गोरा था क्या, साब?" आणि मी म्हणाले, "बाबा, तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ते आजोबांनी पाहिलं."

खरं होतं ते. मी आवाजही चढवला नव्हता. पण बाबा थांबले, माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहत बसले. त्या दिवशी ते पुन्हा बोलले नाहीत. उठताना थर्मासवाले चाचा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बोलने देव ना, बेटा. हममें से कौन देखा?"

ते वाक्य कितीतरी दिवस माझ्या डोक्यात राहिलं. भाषांतर करणाऱ्याला मूळ बदलायचं नसतं. मूळ लेखकाने चूक केली असेल तरी ती गुपचूप दुरुस्त करायची नाही, आणि नसलेलं काही त्याच्या तोंडी घालायचं नाही, हे मी वीस वर्षं पाळत आले. मग बाबांच्या बाबतीत मी नेमकं काय केलं? खऱ्याशी प्रामाणिक राहिले, की एका माणसाला त्याच्या शेवटच्या शाबूत गोष्टीतून बाहेर काढलं? आणि चाचा म्हणत होते ती दया होती, की सोयीचं खोटं?

चाचांच्या बाजूने बरंच बोलता येतं. त्यांच्यापैकी कुणीच 1937 चा सामना पाहिलेला नाही. त्यांनीही तो वडिलांकडून, चुलत्यांकडून ऐकला, आणि तरी ते 'आपण जिंकलो' असंच म्हणतात. तो 'आपण' शब्द काटेकोरपणे पाहिला तर खोटाच आहे. बाबांनी त्याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकलं, इतकंच. शिवाय तिथे कुणाला तपशिलाची पडताळणी करायची नव्हती. मुंबईचा एक म्हातारा आपल्या शहराचा विजय आपल्याला परत आणून देतोय, हे त्यांना पुरेसं होतं.

पण मला एवढ्यावर थांबता येत नाही. 'आपण'मध्ये बसून खोट्या आठवणी गोंजारणारे गट आपण कमी पाहिलेत का? कधीच न घडलेले अपमान पिढ्यान्‌पिढ्या आठवून माणसं एकमेकांची घरं जाळतात. फुटबॉलही त्याला अपवाद नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात दंगल उसळली आणि 16 प्रेक्षक मेले. तेही कुणाचे तरी पाठीराखेच होते. त्यांच्यातही चहा वाटून पिणं, आजाऱ्याला भेटायला जाणं हे सगळं असणारच. म्हणून आपल्या माणसांशी मायेने वागणं हा अजून सद्गुण झाला नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढणं अवघड आहे. आपला 'आपुलकी' हा शब्दच 'आपला'मधून आला आहे. जो आपला नाही त्याच्यासाठी तिच्यात काय शिल्लक राहतं?

अमेरिकन तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी 1908 मध्ये निष्ठेवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक विचार इथे उपयोगी पडतो. माझी निष्ठा चांगली की वाईट, हे ती दुसऱ्याच्या निष्ठेशी कशी वागते त्यावर ठरतं. मला माझा संघ प्रिय आहे, म्हणूनच समोरच्याला त्याचा किती प्रिय असेल हे मला कळायला हवं. निष्ठेला स्वतःच्या पलीकडे नेणारी वाट निष्ठेतूनच जाते, ती सोडून देण्यातून नव्हे. हे निव्वळ पुस्तकी वाटू नये म्हणून पुन्हा कोलकात्याकडेच पाहावं. त्या 16 मृत्यूंची आठवण म्हणून तिथे 16 ऑगस्टला रक्तदान होतं. दिलेलं रक्त कोणत्या क्लबच्या माणसाला चढणार, ते देणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि ऑगस्ट 2024 मध्ये, आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येनंतर शहर पेटलेलं असताना सॉल्ट लेकवरचा मोठा सामना रद्द झाला, तेव्हा ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांचे लोक आपापल्या रंगांत रस्त्यावर आले आणि तिच्यासाठी एकत्र न्याय मागत उभे राहिले. त्यांनी आपले झेंडे घरी ठेवले नव्हते. ते झेंडे घेऊनच आले होते.

बाबाही तसे बघितले तर परकेच होते. मुंबईचे, त्यांच्या कंपनीच्या संघाचे पाठीराखे. तो संघ केव्हाच बंद पडला. त्यांची पाठ राखायला त्या कोपऱ्याला काहीच कारण नव्हतं. त्यांनी ती राखली, कारण एखादा संघ मनात घेऊन म्हातारं होणं म्हणजे काय, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं.

राहिला खऱ्या-खोट्याचा प्रश्न. बऱ्याच विचारानंतर मी एका साध्या कसोटीपाशी आले आहे, आणि तीही सगळीकडे लागू पडेल असा माझा दावा नाही. आठवण चुकीची असेल तर तिची किंमत कोण मोजतं, हे पाहावं. दुसऱ्याला मोजावी लागत असेल, कुणाचं नाव, घर, हक्क तिच्यापायी जाणार असेल, तर ती तिथल्या तिथे दुरुस्त केली पाहिजे, सांगणारा कितीही आपला असो. बाबांच्या आठवणीने कुणाचं काहीच जात नव्हतं. उलट एका विसरल्या गेलेल्या विजयाला त्या दुपारी एक साक्षीदार मिळाला होता. दुरुस्तीची किंमत मात्र त्यांनी एकट्याने मोजली. मी मूळ मजकुराशी प्रामाणिक राहिले खरी, पण त्या घडीला माझ्यासमोर मजकूर नव्हता, बाबा होते.

त्यानंतर बाबांना मी चार-पाच वेळा तिथे नेलं. त्यांनी ती हकीकत पुन्हा सांगितली आणि मी गप्प बसले. रेफरीचा प्रश्न पुन्हा आला. तो गोराच होता, बाबा म्हणाले. आता त्यांना बाहेर नेणं होत नाही. मी एकटीच जाते, महिन्यातून एखाद्या वेळी. पोहोचले की चाचा आधी कपात चहा ओततात, मग "साब कैसे हैं" विचारतात, आणि मी सांगते ते इतरांपर्यंत तमिळ-कन्नडमधून जातं.

गेल्या वेळी कुणाचा तरी कॉलेजात जाणारा नातू आजोबांबरोबर आला होता. 1937 चा विषय निघाला तेव्हा त्याने मोबाइलवरून मान वर करून विचारलं, हे खरंच झालं होतं का? चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, "इनके वालिद देखे."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. साल, वय आणि आजोबांची गोदी हे सगळं इथे जसं होतं तसं लिहून ठेवलं आहे. तिथे मात्र मी बाबांची पाठ राखली.