‘मेनस्ट्रीम’ कुणाला म्हणायचं?

माझ्या वयाच्या मुलामुलींत ‘मेनस्ट्रीम’ ही जवळपास शिवी आहे. एखादं गाणं सगळ्यांच्या रील्सवर वाजायला लागलं की ते ‘फारच मेनस्ट्रीम’ होतं, आणि आपण ते कुणाला माहीत नसताना ऐकत होतो, हे सांगायची घाई सुरू होते. त्याच दिवशी, त्याच फोनवर, मराठी बातम्यांत या शब्दाचं भाषांतर भेटतं. अमुक जमातीला मुख्य प्रवाहात आणणार. शाळाबाह्य मुलांना शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात आणणार. शरण आलेले नक्षलवादी मुख्य प्रवाहात परतले. इथे तोच शब्द प्रसादासारखा वाटला जातो.

म्हणजे जो आत आहे त्याला त्यातून उठून दिसायचंय, आणि जो बाहेर आहे त्याला आत घेतलं की उपकार. मेनस्ट्रीम नाकारण्याची चैन कुणाला परवडते, हा यातला एक प्रश्न. मला दुसरा जास्त छळतो: कुणाला असं ‘आणण्याचा’ अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात नदीसाठी वापरला जायचा. लोकांच्या मतांचा, आवडीनिवडींचा ओघ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात आला. मराठीने भाषांतर करताना नदी तशीच ठेवली, तेव्हा नदीवरच जाऊन बघू. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. नकाशात गोदावरी मुख्य, प्राणहिता उपनदी. पण प्राणहिता येते ती वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांचं पाणी घेऊन. तिचं खोरं गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश आहे. गोदावरी मात्र जायकवाडी, श्रीरामसागर अशा धरणांत पाणी ठेवत ठेवत तिथवर पोचते. संगमावर उपनदीचंच पाणी जास्त. तेलंगणाने मेडीगड्डाचा बंधारा संगमाच्या खालच्या अंगाला बांधला, तो याच पाण्यासाठी. तरी पुढे समुद्रापर्यंत नाव गोदावरीचंच. मुख्य कोण, हे तिथे पाणी मोजून ठरलेलं नाही.

‘मुख्य प्रवाहात आणणे’ हे शब्द महाराष्ट्रात सर्वांत जास्त कुठल्या जिल्ह्याबद्दल वापरले जात असतील, तर याच गडचिरोलीबद्दल. तिथेच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. हक्काचा कागद हातात आला, तरी बांबू विकायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागायचा. बांबू झाड की गवत, असाही एक वाद होता. (वनस्पतिशास्त्रात तो गवत आहे. कायद्यात झाड होता.) अखेर २०११मध्ये परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ही ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. पटेपर्यंत चर्चा चालते. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे एकदा करून बघा. आता यात कोण कुणाच्या प्रवाहात आलं?

पण या उदाहरणाने भारावून जाऊन ‘त्यांना त्यांच्या जगात सुखाने राहू द्या’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. बाळंतीण अडली तर रस्ता लागतो. हिवताप आला तर गोळी लागते. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण ज्यांच्या आईवडलांकडे गाव-घराचा एकही कागद नव्हता, त्यांना आजही जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात. कागदाविना जगण्यातली मुक्ती वगैरे फक्त त्यांनाच दिसते, ज्यांचं आधार कार्ड खिशात आहे.

म्हणून भांडण देण्याबद्दल नाहीच. ते किमतीबद्दल आहे. घरी माडिया बोलणारं मूल पहिलीत येतं आणि समोर सगळं मराठीत. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शिकवण्याचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी. त्या ‘शक्यतो’तून सगळं गळून जातं. मूल शाळेत आलं, पटावर नाव लागलं, मुख्य प्रवाहात आल्याची नोंद झाली. त्याची भाषा चपलांबरोबर दाराबाहेर राहिली. शाळा त्याला द्यायलाच हवी होती. भाषा काढून ठेवायला कुणी सांगितलं होतं?

मी हल्ली अशी बातमी आली की एक खेळ करते. ‘मुख्य प्रवाह’ खोडून तिथे खरी वस्तू लिहून बघते: दवाखाना, एसटी, रेशन कार्ड, सातबारा. बऱ्याच वेळा वाक्य बसतं. कधीकधी काहीच बसत नाही, आणि तेव्हा माझी खात्री पटते की तिथे कुणाला तरी फक्त ‘आमच्यासारखे व्हा’ एवढंच सांगितलं जातंय. बसतं तेव्हा मात्र गंमत होते. ‘पारधी मुलांना मुख्य प्रवाहात आणणार’ हे मथळ्यात छान दिसतं. त्याजागी ‘पारधी मुलांना जातीचे दाखले देणार’ असं लिहिलं, तर वाचणारा पहिल्यांदा विचारेल, इतकी वर्षं का नाही दिले?