रेषा आणि वक्र

एका घरात दूध आणि फळं यांसाठी महिन्याला 1200 रुपये बाजूला काढले आहेत, असं समजा. दूध 60 रुपये लिटर, फळं 120 रुपये किलो. सगळे पैसे दुधावर घातले तर 20 लिटर दूध येईल. सगळे फळांवर घातले तर 10 किलो फळं. उभ्या अक्षावर 20 आणि आडव्यावर 10 अशा खुणा करून त्या पट्टीने जोडल्या, की अंदाजपत्रक रेषा तयार होते. तिच्या पलीकडचं काही या घराला परवडत नाही.

पट्टी ठेवून द्यायची आणि मोकळ्या हाताने समवृत्ती वक्र काढायचे. एका वक्रावरची दूध-फळांची प्रत्येक जोडी त्या घराला सारखंच समाधान देते. मूळबिंदूपासून दूरचा वक्र अधिक समाधानाचा. वक्र रेषेला छेदत असेल, तर रेषेवरूनच थोडं सरकून वरचा वक्र गाठता येतो. जिथे तो रेषेला नुसता स्पर्श करतो, तिथे निवड ठरते. एक किलो फळांसाठी घर जेवढं दूध सोडायला राजी असतं, तेवढंच, म्हणजे दोन लिटर, तिथे बाजारही मागत असतो.

एजवर्थ यांनी 1881 मध्ये हे वक्र अर्थशास्त्रात आणले. पुढे पॅरेटो यांनी दाखवलं, की समाधान मोजायची गरजच नाही; माणसाला कशापेक्षा काय अधिक हवं, एवढा क्रम कळला तरी पुरे. 1934 मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी ग्राहकाच्या वर्तनाचा सिद्धांत याच पायावर नव्याने मांडला. कुणाचं सुख किती, हे बाहेरच्याने ठरवू नये, ही शालीनता या आलेखात मुळातच आहे.

आता फळं 150 रुपये किलो झाली. दुधाचं टोक 20 वरच राहतं, फळांचं टोक 10 वरून 8 वर येतं. रेषा आत झुकते, जुना स्पर्शबिंदू हातचा जातो आणि घर फळं कमी करतं. बघणारा सहज म्हणून जातो, “यांना पोषणाचं महत्त्वच कळत नाही.” पण वक्र तर जागचा हललेलाही नाही. आवड तीच आहे. बदलला तो भाव.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. मात्र अंथरूण आखूड असलेल्या माणसाने पाय आखडले, तर त्याला तसंच झोपायला आवडतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. स्वस्त चप्पल घेणारा, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर थांबवणारा, औषधाचा डोस लांबवणारा, यांच्याबद्दल आपण हाच अन्याय रोज करतो. त्यांच्या रेषेने ठरवलेलं आपण त्यांच्या वक्राच्या नावावर मांडतो.

म्हणून दुसऱ्याच्या निवडीला नाव ठेवण्याआधी त्याची रेषा काढून पाहावी. त्यासाठी त्याची मिळकत आणि बाजारातले भाव एवढंच ठाऊक असावं लागतं. तेही ठाऊक नसेल, तर आपलं मत राखून ठेवावं.