मोरस आणि स्थितप्रज्ञ

आईच्या तेराव्याला एक नातलग मला म्हणाले, "ताई, तुम्ही रोज गीता वाचता, तुम्हाला कसलं आलंय दुःख?" स्थितप्रज्ञाला दुःख बोचतच नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पुष्कळांचा तसाच समज असतो. मला तो मान्य नाही, आणि त्याचं कारण मी जन्मभर शिकवलेल्या वनस्पतिशास्त्रात आहे.

आमच्या वसईकडे खाडीकाठी मोरस उगवते. पान मोडून जिभेला लावलं की खारट रस लागतो. भाजीत वरून मीठ घालावं लागत नाही. एवढं मीठ पोटात घेऊन ती टवटवीत कशी राहते? वाटेल, तिची पेशीच मिठाला निबर झाली असेल. तसं नाही. 1972 साली ग्रीनवे आणि ऑस्मंड या संशोधकांनी घेवड्याची आणि मोरसच्याच कुळातल्या दोन खारट वनस्पतींची विकरं, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवणारी प्रथिनं, मिठाच्या द्रावणात तपासली. ती साधारण सारखीच बिघडली. म्हणजे आतला जीव घेवड्याइतकाच हळवा.

फरक पडतो तो रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीच्या, पडद्यामुळे. वाढलेल्या पेशीतली बहुतेक जागा ही रिक्तिकाच व्यापते. पडद्यातले पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून हायड्रोजनचे आयन आत ढकलतात. आत त्यांची दाटी होते आणि ते बाहेर पडू बघतात. त्या ओढीच्या जोरावर दुसरं एक प्रथिन हायड्रोजन बाहेर सोडतं आणि सोडियम आत घेतं. सोडियम परत झिरपतोही, म्हणून पंपांना थांबून चालत नाही. हे कोंडलेलं मीठ वाया जात नाही. त्याच्यामुळेच खाऱ्या मातीतलं पाणी पेशीत ओढलं जातं आणि पान रसरशीत राहतं.

पेशीला हेतू नसतो, तिच्यावरून धर्म सिद्ध होत नाही, हे मी जाणते. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला ज्याची उपमा दिली आहे, ते अंग आवरून घेणारं कासव मी आता वेगळ्या नजरेनं वाचते. आवरून घ्यावं लागतं, कारण अंग मऊ असतं. आणि आवरणं ही क्रिया आहे. ती पुन्हा पुन्हा करावी लागते, तिला बळ लागतं.

म्हणून शोकात असलेल्याला "मन दगडाचं करा" असं सांगू नये. त्याला वेळेवर दोन घास, झोप आणि जवळ बसणारं माणूस मिळावं. आवरण्याचं काम तो स्वतःच करील. त्यासाठीची ताकद पुरवणं मात्र आपलं काम आहे.