नुसतं ऐकणारं यंत्र

मागच्या उन्हाळ्यात मेरीलँडमध्ये पुतण्याकडे महिनाभर राहिलो. एका शनिवारी सकाळी तो गॅरेजमध्ये गाडीच्या डॅशबोर्डची पट्टी प्लास्टिकच्या चपट्या पात्यानं हळूच उचकटत होता. "काका, जरा बॅटरी धरता का?" म्हणाला. तारांच्या कामात मी तीस वर्षं काढली. कुणी वायरिंगला हात घातलेला दिसला की मला बाजूला बसून चहा पिणं जमत नाही. आधी बॅटरी धरली, मग पक्कड घेतली, आणि दुपारपर्यंत निम्मं काम माझ्याच हातून झालं. आपण बसवतोय तरी काय, हे विचारायचं सुचलं तेव्हा तार दारालगतच्या खांबातून अर्धी खाली उतरली होती.

रडार डिटेक्टर होता. पोलिसांचं वेग मोजण्याचं यंत्र सूक्ष्मलहरी सोडतं. चालत्या गाडीवर आपटून परत येताना त्या लहरींची वारंवारता किंचित बदललेली असते आणि त्या फरकावरून वेग कळतो. डॉप्लरनं १८४२ मध्ये ही कल्पना जोडताऱ्यांच्या रंगांसंबंधी मांडली होती. पुढे ती हमरस्त्यावर दंडाची पावती फाडायला उपयोगी पडली. डिटेक्टर म्हणजे त्या लहरी ऐकणारा रेडिओ, २४ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि ३३ ते ३६ च्या दरम्यान कान लावून बसलेला. पुतण्यानं त्याचा ग्राहक पुढच्या जाळीमागं बसवला होता. आत गाडीत दिसणार होता तो फक्त डिस्प्ले, नखाएवढा. त्या गाडीत स्टीअरिंगच्या डावीकडे एक रिकामं बटण होतं. महागड्या मॉडेलमध्ये तिथं काहीतरी असतं, याच्यात नुसती काळी टोपी. ती टोपी पोखरून त्यात हा डिस्प्ले बसवायचा, म्हणजे गाडी कारखान्यातूनच तशी आली असं वाटावं.

काम सुंदर झालं, हे कबूल करतो. तार खांबातून नेताना तिथं पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. तार तिच्या पुढून गेली तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग अडेल किंवा तारच माणसाच्या तोंडावर फेकली जाईल, म्हणून ती मागूनच न्यायची. वीज घ्यायची ती किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून, नाहीतर रात्रभरात गाडीची बॅटरी उतरते. शेवटी सगळ्या पट्ट्या टकटक बसवल्यावर बोटभरही तार दिसेना. आम्ही दोघं मागं सरकून पाहत राहिलो. चांगलं लपवलेल्या वायरिंगकडे पाहताना जो आनंद होतो तो मला ठाऊक आहे, आणि तो आनंद ती तार कशासाठी ओढली हे विचारत नाही.

ते मी रात्री विचारलं. पुतण्याकडे उत्तर तयार होतं. "मी काही सोडत नाही, काका. नुसतं ऐकतो. लहरी ते माझ्या गाडीवर फेकतात." हा युक्तिवाद अमेरिकेत जुना आहे आणि पोकळ नाही. उलट लहरी सोडून पोलिसांचं यंत्र बिघडवणं तिथं संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे. ऐकण्याला मात्र खाजगी गाडीत जवळजवळ सगळ्या राज्यांत मुभा आहे. अपवाद राजधानी वॉशिंग्टनचा आणि व्हर्जिनियाचा. मोठ्या व्यावसायिक वाहनांनाही बंदी आहे. म्हणजे स्वतःच्या गाडीतून जाणाऱ्यानं ऐकलं तर चालतं, पोटासाठी ट्रक हाकणाऱ्यानं ऐकायचं नाही.

पण 'नुसतं ऐकतो' हे तारांच्या माणसाला पटवणं अवघड आहे. असल्या ग्राहकात, साध्या रेडिओतही, बाहेरची लहर उतरवून घ्यायला आत एक छोटा आंदोलक चालू ठेवावा लागतो. त्याच्या स्वतःच्या लहरी थोड्या का होईना बाहेर झिरपतात. म्हणून पोलिसांकडे डिटेक्टर शोधणारे डिटेक्टर आले, मग त्यांना चुकवण्यासाठी कमी झिरपणारे डिटेक्टर आले. भिंतीला कान लावणाऱ्याचाही श्वास पलीकडे ऐकू येतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात या ठिकाणी प्लेटोची अंगठी निघते. लिडियाच्या मेंढपाळाला सापडलेली, खडा आत फिरवला की अदृश्य करणारी. दिसणारच नसू तर न्यायानं कोण वागेल, असा तो प्रश्न. आपल्याकडे कर्नाटकात कनकदासांची गोष्ट सांगतात: कुणी पाहत नसेल तिथं जाऊन केळं खा, असं गुरूंनी शिष्यांना सांगितलं, बाकीचे खाऊन आले, कनकदास केळं तसंच परत घेऊन आले, कारण देव पाहत नाही अशी जागा त्यांना सापडली नाही. जातकातही अशीच एक कथा आहे. मला ही गोष्ट लहानपणापासून आवडते आणि तिच्याविषयी एक कुरबुरही आहे. तिच्यात केळं खाण्यानं कुणाचं काही बिघडत नाही. सगळा भार पाहणाऱ्यावर आहे. वेगाचं तसं नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं, मग देव पाहत असो वा पोलीस, किंवा कुणीच नसो.

शिवाय डिटेक्टर ही अंगठी नव्हेच. तो माणसाला अदृश्य करत नाही. आपण आता दिसतो आहोत एवढंच तो सांगतो. मेंढपाळाला नेहमीच वाईट वागायची सोय होती. डिटेक्टरवाला दर दहा मिनिटांनी सज्जन होतो आणि पुढच्या वळणाला सज्जनपणा संपवतो. आपल्याकडेही फोनवरची नकाशावाली बाई पुढे कॅमेरा आहे म्हणून सांगते, आणि सगळी रांग एकदम शहाण्यासारखी चालायला लागते. कॅमेरा मागं पडला की रांगेतल्या प्रत्येकाच्या पायाला तीच गोष्ट आठवते.

पुतण्याला मी हे ऐकवलं तेव्हा तो गप्प झाला, मग म्हणाला, "काका, मला वेगाची हौस नाही. मला थांबवलं जायला नको आहे."

दोन वर्षांपूर्वी त्याला रात्री थांबवलं होतं. त्यानं सगळं शिकवल्याप्रमाणे केलं: दोन्ही हात स्टीअरिंगवर, दिसतील असे, परवाना काढायला खिशात हात घालण्याआधी परवानगी. अधिकारी सभ्यपणे वागला, ताकीद देऊन सोडलं. मागच्या सीटवर लेक झोपली होती. घरी आल्यावर त्याला अर्धा तास गाडीतून उतरवेना. त्याचं ऑफिस नदीपलीकडे व्हर्जिनियात. तिथं मर्यादेहून २० मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असो ८५ च्या वर, म्हणजे नुसता दंड नव्हे, बेदरकारपणे वाहन चालवल्याचा फौजदारी गुन्हा. आणि त्याचा नागरिकत्वाचा अर्ज चालू होता. त्या अर्जात अशा प्रत्येक गोष्टीची चौकशी असते.

"मग मर्यादेत चालव," मी म्हणालो.

"५५ नं? या रिंगरोडवर? उद्या चला माझ्याबरोबर."

गेलो. आम्ही ५५ नं चाललो आणि अख्खा रस्ता आमच्या अंगावरून वाहत गेला. एक ट्रक तर मागच्या काचेत एवढा मोठा झाला की पुतण्यानं निमूटपणे वेग वाढवला. देशभर ५५ ची मर्यादा १९७४ मध्ये आली ती तेलटंचाईमुळे, इंधन वाचवण्यासाठी. डिटेक्टरचा धंदाही त्याच दशकात फोफावला. १९९५ मध्ये ती सक्ती उठली, पण बऱ्याच रस्त्यांवर आकडा अजून तोच आहे. जो कायदा सगळेच मोडतात तो मोडल्याबद्दल कुणाला थांबवायचं हे थांबवणारा ठरवतो. सावळ्या कातडीच्या माणसाला ही निवड कशी होते याची शंका आली, तर तिला भित्रेपणा म्हणायला मी धजणार नाही. इथं माझा उपदेश अडकला, आणि तो पुरता सुटला असं अजूनही म्हणता येत नाही.

तरीही एक गोष्ट मला तारांच्या कामातून कळत होती आणि ती मी त्याला सांगितली. बरेच पोलीस यंत्र सतत चालू ठेवत नाहीत. गाडी समोर आली की क्षणभर बटण दाबतात. ते बटण तुझ्यावर दाबलं असेल तर डिस्प्ले पेटेपर्यंत तुझा वेग मोजून झालेला असतो. तुला वेळेवर इशारा मिळतो तो तेव्हाच, जेव्हा पुढच्या कुणाचा तरी वेग मोजला जात असतो आणि त्याच्या गाडीवरून उडालेल्या लहरी तुझ्यापर्यंत पोचतात. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ दुसरा सापडला. तोही कदाचित तुझ्यासारखाच असेल, अर्ज चालू असलेला, मागं पोर झोपलेलं.

आपल्या हमरस्त्यावर समोरून येणारा ट्रकवाला दिवे उघडझाप करून सांगतो, पुढे मामा आहेत. तीही पळवाटच. त्यानं सावध केलेला माणूस दारू प्यालेला असू शकतो, आणि ट्रकवाल्याला ते कळायचा मार्ग नसतो. पण तिथं निदान एका माणसानं दुसऱ्याला हाक दिलेली असते. या नखाएवढ्या काचेत कुणी हाक देत नाही.

आमच्या कामावरच्या जीपचा वेगाचा काटा कायमचा शून्यावर होता. चालवणारे पन्नाशीचे गृहस्थ, कधी कुणाला धक्का लावला नाही. वेग कळतो कसा, असं मी नवा असताना विचारलं होतं. ते म्हणाले, टपावरची शिडी वाजायला लागली की पाय काढायचा. शिडी वाजते म्हणजे मागची माणसंही हादरताहेत. त्या वेळी हे मला अडाण्याचं उत्तर वाटलं होतं. ते तरी मोजमाप गाडीतल्या माणसांवरून करत होते. आम्ही शनिवारी बसवलेलं यंत्र मोजतं ते बाहेर कोण उभं आहे ते, आणि डोळा रस्त्यावरून दर थोड्या वेळानं त्या काळ्या टोपीकडे जातो. हे पुतण्याला सांगितल्यावर तो हसला. "माझ्या गाडीच्या टपावर शिडी नाही, काका."

व्हर्जिनियापुरती एक सोय त्यानं आधीच करून ठेवली होती. सीटखाली एक छोटा स्विच. पूल आला की बंद. हे म्हणजे गुजरातची हद्द येण्याआधी गाडीतली बाटली संपवण्यासारखं: इकडे जे निव्वळ आवड, ते तिकडे गुन्हा, आणि मधे नुसती एक पाटी. व्हर्जिनियाच्या कायद्यात सूट आहे, पण दोन अटींवर: यंत्राला वीजपुरवठा नसावा, आणि ते चालकाच्या किंवा प्रवाशाच्या सहज हाताशी नसावं. सीटखालच्या स्विचनं पहिली अट पाळली जाते. दुसरीचं काय, असं मी विचारलं. "अर्धा कायदा तरी पाळतोय," तो म्हणाला. दोघंही हसलो, आणि हसल्याचं मला पुढं दिवसभर बरं वाटलं नाही. ती तार मीच मागून काढून दिली होती.

परतायच्या आधीच्या रविवारी नदीपलीकडे कुणाकडे तरी जेवायला निघालो. मागच्या सीटवर नात होती. पोटोमॅकवरचा पूल आला. नदी जवळजवळ सगळी मेरीलँडच्या हद्दीत; व्हर्जिनिया पलीकडच्या काठाला लागते. पुलाच्या मध्यावर पुतण्यानं हात खाली नेला आणि टोपीतला हिरवा ठिपका विझला.

"बाबा, दिवा गेला," नात म्हणाली.

"हो."

"मग आता कसं कळणार?"

"काय कळणार?"

तिला तेवढं पुढचं माहीत नव्हतं. ती खिडकीतून पाण्याकडे पाहायला लागली. पुतण्यानं आरशातून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि उजवीकडच्या लेनमध्ये आला. तिथं एक जुनी गाडी सावकाश चालली होती. तिच्यामागं तो तेवढ्याच वेगानं जात राहिला. मग बऱ्याच दिवसांनी त्याच्या बाबांचा, माझ्या थोरल्या भावाचा, विषय निघाला, आणि उतरायचं वळण येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.