दुखतो गुडघा, खचते मांडी

गुडघेदुखी सुरू झाली की घरातल्या कामांची वाटणी बदलते. "आई, तुम्ही बसा, मी आणते," सून म्हणते. दळण नातू टाकून येतो, देवाची फुलं मुलगा आणतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडचं जाणं आपोआप सुटतं. हे सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं. पण म्हातारपणी माणसाला परावलंबी करणारी अशक्तता पुष्कळदा याच प्रेमाच्या आडून घरात शिरते, असं माझं ठाम मत होत चाललं आहे.

एक्स-रे बघून डॉक्टर "गॅप कमी झालाय" म्हणतात, घरी येईपर्यंत त्याचं "गादी झिजली" होतं, आणि सगळं लक्ष त्या सांध्यावर खिळतं. त्याच्या वरच्या मांडीकडे कुणी बघत नाही. खुर्चीतून उठताना आणि जिना उतरताना अंगाचा भार पेलतो तो मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू. सांधा सुजला, दुखावला की तिथून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्थाच या स्नायूला आवर घालते. बाईंनी कितीही जोर लावला तरी त्याचा काही भाग कामाला लागतच नाही. वापर नाही म्हणून तो रोडावतो, आणि त्याचा आधार गेला की सांधा अधिकच दुखतो. हालचाल कमी झाली की वजन वाढतं ते वेगळंच. स्नायू घटतो आणि चरबी वाढते, त्यामुळे बाई अंगाने भरलेल्या दिसतात आणि आतून त्या खचत चालल्यात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

वृद्धांची अशक्तता मोजता येते. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तिच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांतल्या तीन दिसल्या तर माणूस अशक्त; एक-दोन दिसल्या तर त्या वाटेवर. शेवटच्या दोन तर दुखरा गुडघा एकटाच घडवून आणतो. मग ही अशक्तता म्हणजे गुडघेदुखीचंच दुसरं नाव, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. बोटांचे सांधे ठणठणीत असूनही लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेनासं होतं, तेव्हा दोष गुडघ्याचा नसतो; साऱ्या शरीराचंच बळ ओसरत असतं. युरोपातल्या सहा देशांतल्या वृद्धांच्या पाहणीतही सांध्यांची झीज असलेल्यांमध्ये अशक्तता जास्त आढळली, आणि झिजलेले सांधे जितके जास्त तितकी तिची शक्यता वाढलेली दिसली. अशा शरीराला न्हाणीघरात पाय घसरणं किंवा आठवड्याचा ताप एवढंही पुरतं. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखं उठणं होत नाही.

पण ही वाट परतीची आहे, आणि माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे. बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली होती. डेन्मार्कमध्ये तर 2013 पासून गुडघा आणि खुब्याच्या रुग्णांना फिजिओथेरपिस्ट दुखणं समजावून सांगतात आणि पाठोपाठ व्यायाम शिकवतात. सांधा सुजला असेल त्या दिवशी जरूर विसावा घ्यावा. पण म्हणून वर्षभर बसून राहू नये. आणि नुसता व्यायामही पुरत नाही. रात्री चहा-खारीवर भागवणाऱ्या आजींच्या ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडं यायला हवं, नाहीतर स्नायू भरायचा कशातून?

2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, हे फार चांगलं झालं. पण 'वाटी बदलली' तरी मांडी तीच जुनी राहते, आणि शस्त्रक्रियेआधी ती जितकी कमजोर, तितकं नंतर सावरणं अवघड. म्हणून गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक वृद्धाला डॉक्टरांनी हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगावं, त्याला किती सेकंद लागले ते केसपेपरवर लिहावं आणि पुढच्या खेपेला तोच आकडा पुन्हा बघावा. यासाठी एक खुर्ची आणि एक घड्याळ लागतं. तालुक्याच्या दवाखान्यातही दोन्ही असतात.