वैनगंगेच्या दोन काठांची सरासरी

निवांत बसा. दोन आकडे शेजारी ठेवायचे आहेत, पण आधी नदी डोळ्यांपुढे आणा. मूल, सावली, व्याहाड करत रस्ता वैनगंगेच्या पुलावर येतो. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ च्या आधी दोन्ही काठ चंद्रपूरचेच होते.

त्या तारखेपाशी जरा थांबा. जिल्हा विभागला तेव्हा बल्लारपूरचा कागद कारखाना, कोळशाच्या खाणी, उभं राहत असलेलं वीजकेंद्र एका बाजूला राहिलं. दुसऱ्या वाट्याला आलं मुख्यतः धान आणि रान. आदल्या रात्री माणशी उत्पन्नाची एकच सरासरी निघाली असती, सकाळी दोन. एक वर गेलेली, एक खाली. माणसांच्या खिशात मात्र ना पैसा आला, ना गेला.

हे मनात मुरू द्या. दरडोई उत्पन्न हा भागाकार आहे आणि रेघ कुठे ओढली यावर त्याचं उत्तर ठरतं. देशांचंही तसंच. त्यांच्या रेघा आपल्या अंगवळणी पडल्यात, एवढंच.

आता गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडची एप्रिलमधली पहाट. मोहाखालचा पाचोळा काढून जागा साफ केलीय. एक बाई वाकून फुलं वेचतेय, टोपली भरत आलीय. आठवडी बाजारात विकलं जाईल त्याला भाव आहे. घरात खाल्लं, सोयऱ्याला दिलं, त्याचा अंदाजच बांधायचा. चंद्रपूरच्या वीजकेंद्रातला कोळसा मात्र टनावारी मोजलेला असतो. त्याची वीज दूरच्या शहरांत जळते, उत्पन्न जिल्ह्याच्या नावे लागतं. राखही जिल्ह्यातच राहते. ती कुणी वजा करत नाही.

एटापल्लीत सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं, तसा गडचिरोलीचा आकडा चढतो. बाईची टोपली तेवढीच.

थोडं लांब जाऊ. १९९० साली चालू डॉलरमध्ये भारताचं दरडोई उत्पन्न चीनपेक्षा किंचित जास्त होतं. आज चीन आपल्या सुमारे पाचपट आहे. आकडा खरा आहे, पण लगेच हळहळू नका. डॉलरचा दर बदलला की हे अंतर हलतं. महागाई वजा केली का, तिथल्या आणि इथल्या तांदळाचा भाव जुळवला का, हे विचारा. तरी अंतर उरतंच. माझ्या मते खरा अभ्यास त्या उरलेल्या अंतराचा.

दादाभाई नौरोजींनी हा भागाकार फार आधी केला होता. १८६७-६८ साठी त्यांचं उत्तर निघालं माणशी वर्षाला २० रुपये. ते त्यांनी नुसतं इंग्लंडशेजारी ठेवलं नाही, तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशेजारीही ठेवलं. कैद्याचा खर्च जास्त भरला.

तसंच करून पाहा. गडचिरोलीच्या आकड्याशेजारचं चंद्रपूर उचला आणि तिथे भामरागडच्या एका घराचा वर्षाचा खर्च ठेवा. मीठ, तेल, पोरांची शाळा, पावसाळ्यातलं आजारपण, दवाखान्यापर्यंतचं गाडीभाडं. यातलं काय गावात मिळतं आणि कशासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागतं, तेही बघा. उपचार नागपूरला झाले असतील, तर डॉक्टरच्या हाती पडलेला तो पैसा नागपूरच्या उत्पन्नात धरला जातो.