झाकणाआडचे सत्य

विकावयास काढलेल्या माझ्या जुन्या बुलेटचा क्लच घसरू लागला. एंजिन गरजे, चाक मागे राही. घरीच डावीकडील झाकण उघडून झिजलेल्या क्लचप्लेटा बदलल्या. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून पाहिल्या, तो एक किंचित वाकलेली! अशी प्लेट धड धरीत नाही, धड सोडीत नाही. पण झाकण लावल्यावर ती कोणास दिसणार?

१८७२ च्या करार-कायद्याचे १७ वे कलम केवळ मौनास कपट म्हणत नाही. मात्र बोलणे हे कर्तव्य असेल तेथे मौन हेच कपट, असेही सांगते. ते कर्तव्य कोठे सुरू होते? माझ्या मते, दुसऱ्याचा जीव जेथे आपल्या शब्दावर विसंबतो, तेथे.

नवी प्लेट मिळेपर्यंत झाकण उघडेच ठेविले.